मका न चालणाऱ्या लेकरांसाठी ज्वारीच्या चिप्स

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतल्या खाऊचं पान आलं होतं. त्यात मक्याच्या पिठाच्या तिकोनी चिप्स आणि सोबत टमाट्याचा साल्सा, म्हणजे मेक्सिकोकडची चटणी, अशी कृती होती. साल्साबद्दल माझं काही म्हणणं नाही, तो आमच्या घरी होतोच. चिप्सबद्दल मात्र लिहायला हवं. या चिप्स मक्याच्याच हव्यात, दुसऱ्या पिठाच्या जमत नाहीत, असं त्या कृतीखाली म्हटलं होतं. जमतात. ज्वारीच्या तर फार चांगल्या जमतात. साल्सात बुडवल्या तरी मोडत नाहीत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा दिवस कुरकुरीत राहतात.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात पिठाची चक्की चालवतो. वडिलांच्या वेळेपासूनची चक्की आहे. गावातलं आणि आजूबाजूच्या दोन-तीन खेड्यांतलं दळण आमच्याकडे येतं, त्यामुळे कोणतं धान्य कसं दळतं आणि पिठाचं पुढे काय होतं, हे रोजच्या बघण्यातलं आहे. या चिप्सची गरज पडली ती माझ्या भाचीमुळे. धाकट्या बहिणीची मुलगी, तिसरीत आहे. तिला मक्याची अ‍ॅलर्जी आहे. कणीस किंवा पॉपकॉर्न तर लांबच राहिलं, मक्याचा स्टार्च घातलेला पदार्थ पोटात गेला तरी तिचे ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात. तालुक्याच्या एका बेकरीतली नानकटाई खाल्ल्यावर तिला श्वास लागला होता आणि रात्रीच यवतमाळला न्यावं लागलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, मका पूर्ण बंद. थोडाही नाही.

हे "थोडाही नाही" लोकांना पटवून देताना बहिणीचा जीव मेटाकुटीला येतो. लग्नात, बारशात, शेजारच्या घरी कोणीतरी म्हणतंच, "थोडंसं खाल्लं तं काही होत नाही वं बाई." गव्हाचा त्रास असलेली माणसं आता खेड्यापाड्यांतही माहीत झाली आहेत, आणि त्यांना लोक आवर्जून मक्याची भाकर खायला सांगतात. पण मक्यानेच त्रास होतो, असं म्हटलं की समोरचा आपल्याकडे नुसता बघत राहतो. मका हलका, मका पौष्टिक, आजाऱ्याला कॉर्नसूप द्यायचं, हेच सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. अशी मुलं संख्येने कमी असतील. पण ज्या घरात ते मूल आहे, त्या घराला रोज तीन वेळा स्वयंपाक करावा लागतो आणि रोज तीन वेळा विचार करावा लागतो.

मका कुठेकुठे असतो, हे आम्हाला हळूहळू कळत गेलं. दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळणारी पांढरी पावडर म्हणजे मक्याचा स्टार्च. ती मंचुरियनमध्ये असते, सूपच्या पाकिटात असते, रस्सा घट्ट करायला असते. कस्टर्ड पावडर बहुतेक तिचीच बनलेली असते. बेकिंग पावडर कोरडी राहावी म्हणून तिच्यात स्टार्च घालतात, आणि तो बहुधा मक्याचा असतो. केकवरच्या पिठीसाखरेतही तो असतो. त्या नानकटाईत बेकिंग पावडरच होती. खाण्याचा सोडा वेगळा, त्यात स्टार्च नसतो, हे बहिणींनी आवर्जून लक्षात ठेवावं. उन्हाळ्यात मुलांना पाण्यातून देतात ते ग्लुकोज मक्याच्या स्टार्चपासून करतात. माल्टोडेक्स्ट्रिन नावाचा घटक चिप्सच्या मसाल्यात असतो, तोही बहुतेक मक्यापासूनच येतो. म्हणजे पाकिटावर बटाट्याचं चित्र असलं, तरी वरचा मसाला मक्याचा असू शकतो. उपवासाला आरारूट म्हणून सुटं मिळणारं पांढरं पीठ पुष्कळदा मक्याचंच असतं. बेसनात मक्याचं पीठ मिसळणारे व्यापारी आहेत, हे तर आम्हा चक्कीवाल्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. औषधाच्या गोळ्यांतही मक्याचा स्टार्च असतो, म्हणून भाचीला ताप आला तरी आधी औषधाच्या दुकानात विचारणा होते.

अशा परिस्थितीत विकतच्या चिप्स हातात कशा द्यायच्या? घरी केल्याशिवाय इलाज नाही. आणि घरी करायच्या तर सुरुवात पिठापासून होते, म्हणजे माझ्या कामापासून.

आमच्या चक्कीवर मका येतो. दुभती जनावरं असलेले शेतकरी भरडा काढून नेतात, कोणी कोंबड्यांसाठी नेतं. मका दळून झाला की तो चक्कीतून जात नाही. दगडांच्या खाचांत पीठ भरून राहतं, दगडांभोवतीच्या पत्र्याला चिकटून राहतं, आणि पीठ पडतं त्या कापडी नळीच्या शिवणीत तर कितीही झटकलं तरी राहतंच. त्यावर कोणी ज्वारी दळून नेली, तर पहिल्या दोन-तीन किलोंत मक्याचं पीठ उतरतं. डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. निरोग्या माणसाला त्याने काहीच होत नाही. भाचीला होतं.

म्हणून तिचं दळण आम्ही सोमवारी सकाळी घेतो. रविवारी संध्याकाळी चक्की उघडून दगड ब्रशने झाडायचे, पत्रा ओल्या फडक्याने पुसून कोरडा करायचा, कापडी नळी बदलायची. तिची वेगळी नळी धुऊन, वाळवून पिशवीत ठेवलेली असते. सकाळी आधी आमच्या घरची थोडी ज्वारी दळायची आणि ते पीठ जनावरांच्या ढेपेत टाकायचं. मग तिचं दळण. सोमवारी दुपारपर्यंत मका घेणार नाही, अशी पाटीच चक्कीवर लावली आहे. लोकांनी कुरकुर केली नाही. कारण सांगितलं की माणसं समजून घेतात, निदान आमच्या गावात तरी घेतात. ज्यांच्या घरी असं मूल असेल त्यांनी आपल्या चक्कीवाल्याला बेधडक विचारावं, "आमच्या आधी काय दळलं?" विचारल्याचा राग येणारा चक्कीवाला असेल, तर दुसरी चक्की बघावी. जमत असेल तर घरगुती छोटी चक्की सगळ्यात बरी.

आता ज्वारी. रब्बीची, पांढऱ्या टपोऱ्या दाण्याची घ्यावी. खरिपाच्या संकरित ज्वारीवर कापणीच्या सुमारास पाऊस आला की दाणा काळा पडतो. त्याची चिप काळपट होते आणि कडवट लागते. पीठ बारीक दळून घ्यावं आणि चक्कीतून आल्यावर उघड्या परातीत थंड होऊ द्यावं. गरम पीठ डब्यात भरलं की आत दमट होतं. पीठ ताजं हवं. महिनाभर पडलेल्या पिठाची विरी जाते, आणि मग कितीही उकड काढली तरी लाटताना कडा फाटत जातात. भाकर करणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीत आहे, पण शहरात पाकिटातलं पीठ आणून चिप्स करणाऱ्यांनी पाकिटावरची तारीख बघून घ्यावी.

माझी पत्नी दोन वाट्या ज्वारीच्या पिठाला पाव वाटी घरच्या हरभरा डाळीचं पीठ घेते. त्याने चिप खुसखुशीत होते. दोन चमचे तीळ, एक चमचा जाडसर कुटलेलं जवस, ओवा, हळद, तिखट, मीठ. दोन वाट्यांहून थोडं कमी पाणी एक चमचा तेल घालून उकळायला ठेवायचं. खळखळ उकळी आली की गॅस बंद करून पीठ एकदम घालायचं, सराट्याच्या (उलथण्याच्या) दांड्याने ढवळून झाकण ठेवायचं. दहा मिनिटं हात लावायचा नाही. गव्हात चिकटपणा देणारा ग्लुटेन असतो, तो ज्वारीत नाही. उकळत्या पाण्याने ज्वारीतला स्टार्च फुगतो आणि तोच गोळा धरून ठेवतो. झाकण लवकर काढलं तर मधे कोरडं पीठ राहतं आणि चिप तिथेच मोडते. नंतर गोळा गरम असतानाच तळहाताच्या टाचेने दाबून दाबून मळायचा. हाताला चटका बसतो, पण थंड झाल्यावर मळून उपयोग नाही. मळलेला गोळा ओल्या फडक्याखाली ठेवायचा.

प्लास्टिकची पिशवी कापून तिच्या दोन थरांमध्ये लाटायचं, म्हणजे वरून पीठ लावावं लागत नाही. जाडी पापडाहून किंचित जास्त. फार पातळ लाटली तर साल्साच्या वजनाने तुटते, जाड राहिली तर आत मऊ पडते. काट्याच्या चमच्याने सगळीकडे टोचे मारायचे, नाहीतर तळताना फुगते आणि फुगलेली चिप हातात घेताच फुटते.

यापुढची पायरी पुष्कळ जण गाळतात, आणि सगळा फरक तिथेच पडतो. लाटलेली पोळी तशीच कापून तेलात सोडायची नाही. आधी तव्यावर दोन्ही बाजूंनी नुसती सुकवून घ्यायची, डाग पडू द्यायचे नाहीत. मग कापायची. अर्धवट भाजलेल्या पोळीच्या कडा स्वच्छ कापल्या जातात, तुकडे एकमेकांना चिकटत नाहीत. सुरीने आठ तिकोन करायचे आणि सुती धोतरावर तासभर पंख्याखाली पसरून ठेवायचे. मेक्सिकोतही मक्याची रोटी आधी भाजतात आणि मग तिचे तुकडे तळतात. पद्धत तीच, धान्य आपलं.

तळायला नवं तेल घ्यावं, आम्ही फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं वापरतो. मक्याचं तेलही बाजारात आहे, म्हणून डबा वाचून घ्यावा. आच मध्यम. तुकडा टाकला की आधी तळाशी जाऊन मग सावकाश वर यायला हवा. टाकल्याबरोबर उसळून वर आला तर तेल जास्त तापलं आहे. बुडबुड्यांवर लक्ष ठेवायचं. बुडबुडे म्हणजे चिपमधलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आहे. ते मंदावले, आवाज बसला की काढायच्या. ज्वारी गव्हासारखी लाल होत नाही. लाल होण्याची वाट बघितली तर करपट लागते. तेलातून काढताना थोडी मऊ वाटली तरी घाबरू नये, निवाली की कडक होते. वरून मीठ-तिखट घालायचं असेल तर गरम असतानाच. पूर्ण थंड झाल्याशिवाय डबा बंद करू नये.

ज्यांना तळण नको त्यांनी मंद तव्यावर कापडाच्या बोळ्याने दाबत दाबत खाकऱ्यासारखी भाजावी. वेळ जातो, चव चांगली येते. आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी ज्वारीचे धापोडे, म्हणजे एक प्रकारचे पापड करतात, तेही तळून साल्सासोबत देता येतात. पण धापोडा पोकळ असतो, साल्सा लागला की लगेच मऊ पडतो. पाहुण्यांसमोर ठेवायचं असेल तर मी लाटलेल्या चिप्सच सुचवीन.

साल्सा त्यामानाने अगदी सोपा. पिकलेली भेदरं (टमाटे), दोन हिरव्या मिरच्या आणि न सोललेल्या लसणाच्या पाकळ्या चुलीच्या निखाऱ्यावर किंवा गॅसवर साल काळी होईपर्यंत भाजायच्या. साल काढून पाट्यावर जाडसर वाटायचं. मिक्सरमध्ये फिरवलं की त्याचं पाणी होतं. बारीक चिरलेला कांदा, भरपूर सांबार (कोथिंबीर), लिंबू, मीठ, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड. उन्हाळ्यात लिंबू महाग झालं की कैरी किसून घालतो, आणि मला तर कैरीचाच जास्त आवडतो. भाजलेल्या टमाट्याला मीठ लावून चाळणीत पाच मिनिटं ठेवलं की जास्तीचं पाणी गळून जातं, चिप ओली होत नाही. ते गळलेलं पाणी वरणात घालावं. बाटलीतल्या तयार साल्सात आणि सॉसमध्ये घट्टपणासाठी स्टार्च असू शकतो, म्हणून मका न चालणाऱ्यांनी तो घरीच करावा. हिवाळ्यात बाजारात टमाट्याला कवडीमोल भाव मिळतो आणि शेतकरी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतून जातात. त्या दिवसांत तर साल्सा करायला काहीच खर्च नाही.

साल्सासोबत मकाच शोभतो, ज्वारी हा नाइलाज, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. मका मेक्सिकोचा, हे खरं. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी तो शेतात आणला. चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, वाटून त्याची रोटी करण्याची त्यांची रीत फार शहाणपणाची आहे, कारण त्याने मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. टमाटे आणि मिरचीही तिकडचीच, आपल्याकडे ती पोर्तुगिजांच्या काळात आली. पण त्याच साल्सातला कांदा, सांबार आणि लिंबू इकडच्या जगातून तिकडे गेले. मेक्सिकोच्या लोकांनी ते आपलेसे केले आणि त्यांच्या साल्साला कोणी खोटा म्हटलं नाही. ज्वारीचं मूळही आफ्रिकेतलं, फार जुन्या काळी ती इकडे आली आणि वऱ्हाडची भाकर झाली. मग टमाट्या-मिरचीच्या ताटलीत ज्वारीची चिप ठेवली तर कमीपणा कसला? चवीला ती मक्याहून वेगळी आहे, जरा मातकट गोड. तीळ आणि जवसामुळे तिला तेलकट खमंगपणा येतो आणि आंबट साल्साशी तो चांगला जुळतो. आमच्या घरातली मका चालणारी माणसंही आता हीच चिप मागतात.

गेल्या सुट्टीत बहिणीकडची, भावाकडची सगळी पोरं आमच्याकडे होती. आधी असं व्हायचं की सगळ्यांसमोर एक ताटली यायची आणि भाचीसाठी कोपऱ्यात वेगळा डबा. ती काही बोलायची नाही. पण कुठलाही पदार्थ दिसला की आधी आईकडे बघायची आणि हळूच विचारायची, "यात आहे का?" या वेळी परातभर ज्वारीच्या चिप्स आणि गंजभर साल्सा मधे ठेवला आणि सगळे त्याच परातीभोवती बसले. माझ्या पुतण्याने नुकतेच पॉपकॉर्न खाल्ले होते. तो हात घालायला गेला तर भाचीने त्याचं मनगट धरलं आणि म्हणाली, "आधी साबणाने हात धुऊन ये." तो निमूट उठला, धुऊन आला, तिने त्याचे हात उलटसुलट करून बघितले आणि मग जागा दिली. आईकडे तिने एकदाही बघितलं नाही. मी चक्कीवरून जेवायला आलो होतो, दारातच उभा राहिलो. एवढ्यासाठी आठवड्यातून एकदा चक्की खोलून झाडावी लागत असेल तर मी ती जन्मभर झाडीन.

एक गोष्ट जबाबदारीने सांगतो. मका आणि ज्वारी दोन्ही गवताच्या कुळातली आहेत. मक्याची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना ज्वारीचाही त्रास होऊ शकतो. भाचीला ज्वारी चालते, हे डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावरच आम्ही सुरुवात केली. इतरांनीही आधी डॉक्टरांना विचारावं. ज्यांना ज्वारीही चालत नाही त्यांना कच्ची केळी आहेत, रताळी आहेत, घरी दळलेलं मुगाचं पीठ आहे. तीही साल्सासोबत छान लागतात.

आता माझं मुख्य मागणं. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत अ‍ॅलर्जी आणणाऱ्या पदार्थांची यादी आहे. ग्लुटेनची धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे जलचर, शेंगदाणे आणि इतर कवचाची फळं, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट, म्हणजे पदार्थ टिकवायला घालतात ती रसायनं. हे असतील तर पाकिटावर वेगळं लिहावंच लागतं. त्या यादीत मका नाही. त्यामुळे पाकिटावर नुसतं "स्टार्च" किंवा "माल्टोडेक्स्ट्रिन" छापलं की काम भागतं. तो स्टार्च बटाट्याचा, टॅपिओकाचा (साबुदाण्याच्या कंदाचा) की मक्याचा, हे आईने ओळखायचं कसं? यादी दगडावरची रेघ नाही. अमेरिकेने २०२१ मध्ये कायदा करून तीळ आपल्या यादीत घातला आणि २०२३ पासून तो पाकिटावर छापणं बंधनकारक केलं. आपल्याकडे मका यादीत घ्यायला वेळ लागणार असेल, तर निदान स्टार्च कशाचा हे एका शब्दात छापायची सक्ती करावी. "मक्याचा स्टार्च" छापायला कंपनीला किती शाई लागेल?

बाजारात आता ज्वारीच्या आणि भरडधान्याच्या नावाने पुष्कळ चिप्स आल्या आहेत. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, त्यानंतर तर जास्तच. ही चांगली गोष्ट आहे. पण पाकीट उलटून वाचावं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. समोर ज्वारीचं कणीस छापलेल्या एका पाकिटावर मी मागे वाचलं, तर पहिला तांदूळ, दुसरा मका, ज्वारी चौथ्या नंबरवर. आमच्या भागातल्या बचत गटांच्या भगिनी हे पदार्थ करू लागल्या आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. ज्वारीचं म्हणाल तर ज्वारीचंच द्या, आणि त्याच कढईत, त्याच चक्कीवर मका येत असेल तर तसं पाकिटावर लिहा. "मका नाही" असं ज्यांना खात्रीने लिहिता येईल त्यांचं गिऱ्हाईक बांधलेलं राहील, कारण असं मूल असलेलं घर दुकान बदलत नाही.

ज्वारी घ्यायला गिऱ्हाईक वाढलं तर शेतकऱ्यालाही ती पेरायला हुरूप येईल. आमच्या चक्कीवर पूर्वी दिवसभर ज्वारीच दळली जायची. आता रेशनचा गहू जास्त आणि ज्वारी कमी. शेतात कापूस, सोयाबीन आणि तूर. गावात एकट्याने ज्वारी पेरली की सगळ्या शिवारातली पाखरं त्याच्याच वावरात उतरतात, रानडुकरं राहिलेलं आडवं करतात, आणि कापणीला मजूर मिळत नाही. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये आहे, मक्याचा २,४००. कागदावर ज्वारी वर दिसते, पण इतका त्रास काढून घरी किती येते, हा हिशेब शेतकरी आधी करतो. दहा-वीस जणांनी एका शिवारात मिळून पेरली तर पाखरं वाटली जातात, हे जुन्या लोकांचं म्हणणं खरं आहे. तेवढी ज्वारी विकत घेणारं कोणी जवळ असलं पाहिजे.

पुरवणीच्या संपादकांना विनंती, की मुलांच्या खाऊची कृती छापताना शेंगदाणे, दूध, मका असे पदार्थ असतील तर वर ठळक लिहावं आणि शक्य असेल तिथे दुसरा पर्याय द्यावा. ज्वारीच्या चिप्सची वरची कृती हवी तशी आटोपती करून छापायला माझी काही हरकत नाही. छापली तर दोन गोष्टी मात्र गाळू नयेत, तव्यावर सुकवल्यावरच कापायचं आणि कुरकुरीत करण्यासाठी बेकिंग पावडर घालायची नाही.

आपला,
एक चक्कीवाला वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ